पहिल्या धारेचा रसिक

आमच्या पहुरात दारू कोणी पीत नाही. लोक रात्री शेतात पाणी भरायला जातात. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीने येते, त्यामुळे खान्देशातल्या कर्त्या पुरुषाला घराबाहेर राहण्याचं सरकारमान्य कारण आयतंच मिळतं. पेठेतला माणूस कसब्याच्या शिवारात जातो, कसब्यातला पेठेच्या, म्हणजे ओळखीचं कोणी भेटायला नको. परतताना दोघांची गाठ नेमकी पुलावर पडते. "पाणी भरून आलो भो," एवढंच बोलून दोघं आपापल्या दिशेने सरळ चालण्याचा प्रयत्न करतात.

अशा ठिकाणी दारूबद्दल तीनच प्रश्न असतात. कितीला पडली, किती वेळात चढते आणि सकाळी तोंडाला वास येतो का. चव हा चौथा प्रश्न कोणी विचारत नाही. चव भरिताला असते, शेवभाजीला असते. दारू डोळे मिटून गिळायची आणि लगेच वर मूठभर शेव टाकून, असं काही घडलंच नाही, हे जिभेला पटवायचं. आमच्या ऐन तारुण्यात बाटलीवर संत्र्याचं चित्र असे. संत्र्याशी आतल्या ऐवजाचा संबंध त्या चित्रापुरताच.

या परंपरेत पुण्याचा भाचा गोव्यात तयार झालेली जिनची बाटली घेऊन अवतरला. बाटली अशी की रिकामी झाल्यावर देव्हाऱ्याशेजारी ठेवता यावी. मी पेला पुढे केला, तर तो म्हणाला, "मामा, थांबा. ही आधी नाकाने घ्यायची असते."

"नाकानेच घ्यायची तर तपकीर काय वाईट?"

त्याने दुर्लक्ष केलं आणि आत काय काय आहे ते सांगायला लागला. जुनिपर, धने, मिरी, जायफळ, जायपत्री, ज्येष्ठमध, लिंबाच्या साली. स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतीचा आवाज आला, "कांदा-खोबरं भाजून देऊ का? म्हणजे काळा मसाला पुरा होईल."

जिनचं तंत्र तसं सोपं आहे. बिनचवीचा मद्यार्क घ्यायचा, त्यात जुनिपरची फळं आणि मसाले घालायचे आणि पुन्हा वाफ करून थंड करायची. आपले मसाले जहाजांत बसून युरोपात गेले, तिथल्या जिनमध्ये पडले आणि दोन-तीनशे वर्षं आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता. २०१७ साली 'ग्रेटर दॅन' आली, २०१८ साली 'स्ट्रेंजर अँड सन्स', दोन्ही गोव्यातल्या. मग छोट्या डिस्टिलऱ्यांची रांगच लागली. बाटलीवर बॅचचा नंबर घालायचा, मसाला कुठल्या रानातला ते सांगायचं, ही त्यांची रीत. आमच्याकडे बाटलीवरची एक्स्पायरी वाचणाऱ्यालासुद्धा चिकित्सक म्हणतात.

पण खरा धक्का पुढे होता. भाचा म्हणाला, "मामा, हे लोक पहिली धार टाकून देतात."

मी पेला खाली ठेवला. पहिली धार? जिच्यासाठी लोकांनी पोळ्याचे बैल ताटकळत ठेवले, ती? त्याने शास्त्र सांगितलं. मद्यार्क ७८ अंशांच्या आसपास उकळतो. ॲसिटोन, ॲसिटाल्डिहाइड असली द्रव्यं त्याच्याही आधी उडतात, म्हणून सुरुवातीला येतं ते डोक्याला त्रास देणारं. शेवटी येतं ते वासाला ओशट. जाणता कारागीर दोन्ही टोकं बाजूला काढतो आणि मधलंच ठेवतो. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर मी हे ज्ञान वाटलं. मंडळी हादरली. सगळ्यांत वयस्कर आबांनी बराच वेळ डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "टाकून देतात ना? कुठे टाकतात, तेवढं विचार त्याला."

विनोद सोडला तर ही चिकित्सा म्हणजे पुणेरी नखरे नव्हेत. मुंबईत मालवणीला २०१५ साली मिथेनॉल असलेल्या गावठीने शंभराहून जास्त माणसं गेली. आत काय आहे हे विचारायची सवयच नसली की काय होतं, ते तिथे दिसलं.

मग मी रसिक व्हायचं ठरवलं आणि रीतसर व्हायचं ठरवलं. आपल्या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. दारू प्यायला परवाना लागतो, कडक दारूला वयही पंचवीस पूर्ण लागतं. एका दिवसाच्या परवान्याची फी देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. हजार रुपयांत आजन्म परवाना मिळतो. मी तो घेतला आणि घरी दाखवला. सौभाग्यवतीने कागद उलटसुलट करून विचारलं, "आजन्म म्हणजे कोणाच्या?"

उन्हाळ्यात भाच्याबरोबर गोव्याला गेलो, कारण काजूची भट्टी मार्च ते मे एवढीच पेटते. झाडाखाली पडलेली बोंडं वेचतात, झाडावरची तोडत नाहीत. ती तुडवून रस काढतात, रस आपोआप आंबू देतात आणि मग भट्टी लावतात. पहिल्या ऊर्ध्वपातनाचा हुर्राक, सौम्य, त्या मोसमापुरताच. त्याच्या पुढच्या ऊर्ध्वपातनाची फेणी. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. भट्टी चालते ती आमची पाचोरा-जामनेर पीजे गाडी धावायची त्या चालीने. उतरून पाय मोकळे करावेत, परत चढावं, तरी काही चुकायचं नाही. हुर्राकात लिंबू-सोडा आणि चिरलेली हिरवी मिरची घालून देतात. मिरची दिसताच खान्देशी माणूस परक्या मुलखातही घरच्यासारखा बसतो. फेणीचा वास मात्र माझ्या शर्टाने पहूरपर्यंत इमानाने आणला. घरात पाऊल टाकताच निकाल लागला, "पाणी भरून आलात वाटतं."

चव घेणं म्हणजे काय, याचा नमुना मात्र घराजवळच होता. भाच्याला अजिंठ्याला नेलं. पहिल्या क्रमांकाच्या लेणीत छताकडे पाहिलं तर टोकदार टोपी, पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घातलेला एक परदेशी सरदार ऐटीत बसलाय. हातात पेला, बाजूला सेविका. वाकाटकांच्या काळातलं, पाचव्या शतकातलं काम. दीड हजार वर्षं झाली, गड्याचा पेला अजून संपलेला नाही आणि चेहऱ्यावर घाई नाही. समोर फरसाणही नाही. भाचा भारावून म्हणाला, "मामा, याला म्हणतात सिपिंग." मागून पहारेकऱ्याने पुढे सरकायला सांगितलं, नाहीतर आम्ही तिथे रात्रीची लाईट येईपर्यंत थांबलो असतो.

भाच्याची पुढची बाटली मोहाची होती. मोहाचं नाव काढताच मला पोलीस आणि प्लास्टिकचा कॅन, एवढंच आठवलं. पण हा डाग काही मोहाच्या झाडाने लावून घेतलेला नाही. इंग्रजांनी १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या आवळल्या आणि १८९२च्या मोहरा कायद्याने फुलं गोळा करण्या-बाळगण्यावरच बंधनं आणली. महसूल बुडतो, हे कारण. आता वारं फिरलंय. डहाणूची साउथ सीज डिस्टिलरी मोहाचं मद्य 'सिक्स ब्रदर्स' या नावाने ऐटदार बाटलीत भरते. नर्मदेपलीकडे अलीराजपूरला बचतगटाचं 'मोंड' निघतं आणि मध्य प्रदेश सरकार त्याला वारसा म्हणतं. आपल्या मंत्रिमंडळाने २०२२ साली काजू आणि मोहाच्या मद्याला देशीच्या वर्गातून उचलून विदेशीच्या वर्गात बसवलं. फूल सातपुड्याचं, हंडा सातपुड्याचा. पासपोर्ट कोणी काढून दिला, देव जाणे.

शेजारच्या केळीवाल्या बापूंकडे धडगावकडचा एक पावरा सालदार आहे. बापू आले तसा तोही आला. भाच्याने पुण्यात पैसे भरून चव घेण्याचा वर्ग केलेला. त्याने पेला फिरवला, नाक खुपसलं, "फुलांचा सुगंध, थोडा मनुका, शेवटी धूर" असं काहीबाही सांगितलं. सालदाराने पेला घेतला, आधी दोन थेंब जमिनीवर सोडले, मग घोट घेतला आणि विचारलं, "फूल पहाटे वेचलेलं का ऊन चढल्यावर?"

भाचा बाटली फिरवून वाचायला लागला.

"वाळवलं कुठे, खडकावर का मातीवर?"

भाच्याने मोबाइल काढला.

"वरच्या टेकडीवरच्या झाडाचं फूल अशी चव देत नाही. हे खालच्या रानातलं असणार. चांगली आहे, पण आमची आजी याला दोन दिवस आणखी भिजू देती."

वर्गाची फी कुठे भरायला हवी होती, ते भाच्याला तेव्हा कळलं. मला एवढंच कळलं, की दारूला चव असते हा शोध गोव्याचा नाही, पुण्याचा तर नाहीच. सातपुड्यात माणसं चव घेत होती, देवाला आधी देऊन, चारचौघांत, होळीच्या उजेडात. अंधारात पाणी भरायला जाणारे आम्ही सपाटीवरचे. लपून प्यायचं म्हणजे घाईत प्यायचं, आणि घाईत चव कसली?

बापूंना या चिंतनात रस नव्हता. ते म्हणाले, "काजूची होते, मोहाची होते. मग आमच्या केळीनं काय पाप केलं भो?" प्रश्न रास्त होता. जळगावच्या केळीला २०१६ साली मानांकन मिळालंय. युगांडात केळीची बियर पिढ्यान्‌पिढ्या करतात. सर्बियात आलुबुखाऱ्याच्या घरगुती दारूला युनेस्कोने २०२२ साली वारशाच्या यादीत घेतलं. आमच्याकडे जूनच्या वादळात बाग आडवी होते, भाव पडला की घड जनावरांपुढे टाकतात. बापूंनी तिथल्या तिथे लेबल ठरवलं, 'वादळी बॅच', खाली साल. "विमा नाही मिळाला तर निदान गिऱ्हाईक तरी मिळंल!"

एवढ्यात सौभाग्यवती बाहेर आल्या. "करा धंदा. पण गावातल्या बायकांनी मागणी केली की मतदान होतं, ठाऊक आहे ना? चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद."

मी रसिकाच्या अधिकाराने समजावलं, "अगं, ही साधी दारू नव्हे. बूच लावलेली असली बाटली कायम उभीच ठेवावी लागते. आडवी ठेवली तर कडक मद्याने बूच कुजतं आणि चव बिघडते. हे शास्त्र आहे."

"अस्सं!" त्या म्हणाल्या. "मग मतदानाच्या दिवशी पेठेच्या चौकात उभे राहा, आणि एकेका बाईला हे शास्त्र समजावून सांगा. बुचाचं काय व्हायचं ते होईल. तुमचं काय होतं, ते बघायला मी सगळ्यांत पुढे उभी राहीन."