पेठ तालुक्यातील नळ: निगा आणि बदली

नळदुरुस्तीची पहिली सूचना सगळीकडे एकच असते: आधी मेन कॉक बंद करा. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर गृहस्थाला हे कष्ट पडत नाहीत. होळी उलटली की पहिल्या पावसापर्यंत ते काम निसर्ग परस्पर उरकतो. त्यामुळे प्रस्तुत मार्गदर्शन दुसऱ्या सूचनेपासून सुरू होते. पान्याने चावीखालचा नट सैल करावा, दांडा बाहेर काढावा आणि टोकाचा रबरी वायसर उजेडात धरावा. त्यावर गोल खाच पडलेली असेल, तर नळ वापरात आहे आणि वायसर कामाला येऊन झिजला आहे. खाच नाही, पण रबर कडक होऊन तडकले आहे, असे दिसल्यास तो बसून बसून म्हातारा झाला आहे. पहिल्या आजारावर नवा वायसर चालतो. दुसऱ्या आजारात नवा वायसरही जुन्याच वाटेने जातो. या मार्गदर्शिकेचे म्हणणे एवढेच, की पेठमधला नळ बहुधा दुसऱ्या आजाराने जातो आणि त्याचे औषध हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही.

गळक्या नळाविषयीचा उपदेश इथे जरा तपासून घ्यावा. वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला, तर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसात चार लिटरांहून थोडे अधिक पाणी घालवतो. शहरात हे पाप मोठे आहे, कारण तिथे पाइप भरलेला असतो. जिथे पाणी दिवसाकाठी तासभरच येते, तिथे तोच नळ जेमतेम 180 मिलिलीटर गळतो. म्हणजे दोन कप चहा. उरलेले तेवीस तास तो कितीही गळका असला तरी निष्कलंकच राहतो.

तोटी उघडी टाकून खाली हंडा ठेवण्याच्या सवयीला सुशिक्षित मंडळी बेशिस्त म्हणतात. पण पाणी केव्हा येईल याचा नेम नसेल, तर उघडी तोटी हेच सर्वांत स्वस्त घड्याळ. आधी पाइपातली हवा फुसफुसते, मग हंडा वाजतो, मग घर जागे होते. तोटी बंद ठेवणारा शिस्तीचा माणूस झोपून राहतो, आणि पाणी उताराच्या घरांत भरून संपते. बेभरवशाच्या वेळापत्रकाला दिलेले हे शहाणपणाचे उत्तर आहे. वेळ नक्की करा, तोट्या आपोआप बंद होतील.

आता पाना घेऊन नळापासून मागे चालत जावे. तोटीमागे पाइप, पाइपामागे टाकी, टाकीमागे पंप आणि त्याचे वीजबिल, पंपामागे विहीर, विहिरीमागे डोंगर. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी ठरवले. पाच माणसांच्या घराला 275 लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे सुमारे अठरा हंडे. घरोघरी नळ पोहोचवण्याची 2024 ची मुदत पुढे 2028 पर्यंत गेली. मोजणीला नळ सोपा असतो, तो भिंतीवर दिसतो. डोंगराच्या पोटातले पाणी दिसत नाही. तिथे मात्र आपल्या वायसरचे उत्तर आहे. पेठमध्ये वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण खाली काळा बेसॉल्ट. तो पाणी मुरवतो थोडे आणि साठवतो त्याहून थोडे. उतारावरून निसटलेले पाणी दमणगंगेच्या वाटेने समुद्र गाठते, आणि उन्हाळ्यात बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरतात.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला: टँकर आहे ना? आहे, आणि तहानेच्या वेळी तो हवाच. पण पाणी टँकरच्या तोटीला असते, घरच्या तोटीला नसते. वाट पाहण्याची वेळ आणि डोक्यावरचा भार दोन्ही शिल्लक राहतात. दुसरा आक्षेप वजनदार आहे: पाणी वाहून जाते, तर मोठी धरणे बांधा. दमणगंगेचे पाणी पिंजाळ नदीमार्गे मुंबईला नेण्याची योजना आहेच. पण धरणाचे पाणी खाली दरीत आणि पाडा वर डोंगरावर. पाणी वर चढवायचे, तर पंप आणि बिल पुन्हा दारात. शिवाय दूरच्या शहराची तहान भागवायला आखलेल्या धरणातून जवळच्या पाड्याची तहान आपोआप भागते, असा समज कुठल्याच पाइपाने आजवर सिद्ध केलेला नाही. उलट वरच्या उतारावर चर खणले, झाडोरा राखला, झऱ्याभोवती कुंड बांधले, तर पाणी पाड्याच्या डोक्यावर मुरते आणि बरेचसे आपल्याच वजनाने खाली येते. याने सगळा पाऊस थांबणार नाही, हे खरे. पण नळ मार्चऐवजी मेपर्यंत चालला, तर दोन महिन्यांची पायपीट वाचते.

म्हणून बदलीचा क्रम असा: आधी उतार, मग झरा, मग विहीर, मग पंप चालवणाऱ्याचा वेळेवरचा पगार आणि सर्वांत शेवटी तोटी. नवी पितळी तोटी बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या दिशेने गुंडाळावी आणि पान्याने फार आवळू नये. काम नीट झाले की नाही, याची परीक्षा मात्र मे महिन्यात घ्यावी. त्या महिन्यात तोटीतून एखादा थेंब गळताना दिसला, तर समाधानाने उठावे आणि नवा वायसर आणायला जावे.