फीत कापून गेलेल्या साहेबांस

मा. साहेब,


आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून तुम्ही आणलेले खताचे यंत्र अजून उभे आहे. त्यावर तुमचा फोटो आहे आणि खाली ‘यांच्या विशेष प्रयत्नाने’ असे ठळक लिहिले आहे. झाकण मात्र उघडता येत नाही, कारण त्यावर गणपतीच्या मंडपाचे बांबू रचले आहेत. खत मुरवायच्या निळ्या क्रेटमध्ये पावसाचे पाणी साचून डास झालेत. उद्घाटनाला पेढे वाटले गेले, तुम्ही केळ्याची साल आत टाकलीत आणि कॅमेऱ्याकडे पाहिलेत. हे रोज चालवणार कोण, असे आम्ही विचारले तेव्हा तुमचे उत्तर होते, ‘बघू’. माझी तक्रार त्या ‘बघू’बद्दल आहे.

खत यंत्र करत नाही, साहेब. माणूस करतो. सुरुवातीचे काही महिने आमच्याकडे एक मावशी हे काम करत. शिळा भात, भाजीचे देठ, चहाचा चोथा यांतून त्या आधी दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे वेचून काढत. मग लाकडाचा भुसा मिसळत. कालवलेले मिश्रण मुठीत दाबून बघत. पाणी गळले की आणखी भुसा, भुगा होऊन सांडले की पाण्याचा हबका. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्र जास्त आणि कर्ब कमी असतो, म्हणून भुसा किंवा सुका पाला घातला नाही तर तो कुजून घाण मारतो. योग्य जमले की ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापतो. सकाळी क्रेट हलवला की वाफ निघायची आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास यायचा.

पुढे भुशाची पोती संपली. पैसे कोणाच्या खात्यातून द्यायचे ते ठरले नाही. मावशींचा पगार दोनदा थकला आणि त्या दुसरीकडे लागल्या. आठवड्याभरात दुर्गंधी सुटली, पहिल्या मजल्यावरून तक्रार गेली आणि यंत्राची वायर काढण्यात आली.

हिशेब अवघड नव्हता. दोनशे घरांची सोसायटी आणि घरटी अर्धा किलो ओला कचरा धरा, म्हणजे दिवसाला १०० किलो. कामाला येणाऱ्या माणसाला महिना १५,००० रुपये द्यायचे म्हटले तर घरटी ७५ रुपये पडतात. महिन्याच्या तीन टन कचऱ्याचे सहाशे किलोच्या आसपास खत होते. ते १० रुपये किलोने सगळे विकले गेले तरी ६,००० रुपये येतील. खत विकून प्रकल्प आपला खर्च भागवेल, असे तुम्ही भाषणात सांगितलेत ते खोटे होते. केंद्राने २०१६ मध्ये शहरी कंपोस्टच्या विक्रीला टनामागे १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले होते. त्या दरानेही आमच्या सहाशे किलोंवर ९०० रुपये झाले असते. उरलेले पैसे कुठून तरी रोजच्या रोज यायलाच हवेत.

निधी येतो तो खरेदीसाठी. स्वच्छ भारत अभियान २.० मध्ये १ ते १० लाख लोकवस्तीच्या शहरांना घनकचरा प्रकल्पांच्या खर्चाचा ३३ टक्के वाटा केंद्राकडून मिळतो. २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर लोकसंख्या असलेले आपले पनवेल त्यातच बसते. पण प्रकल्प रोज चालवण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. यंत्राची पाटी लावता येते, मावशींच्या पगाराची लावता येत नाही. म्हणून तुम्ही यंत्र आणता.

कायद्याला मात्र चालू असलेलेच खत हवे आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार ५,००० चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात पनवेल महापालिका झाली. म्हणजे आपली महापालिका जन्मली तेव्हा हा नियम आधीच लागू होता. मालमत्ता कराची मागणी २०१६ पासूनची लावली गेली, तेव्हा सिडको वसाहती रस्त्यावर आल्या. मग २०१६ पासूनच्या खताच्या खड्ड्यांचा हिशेब कधी मागायचा?

आमच्याकडे जे जिरत नाही ते ट्रकमध्ये जाते. त्यातले बरेचसे वजन पाण्याचेच असते. ते वाहून नेण्याचे डिझेल आपले आणि दुर्गंधी कचराभूमीजवळच्या घोट-चाळ परिसरातल्या गावकऱ्यांची. आता तर विमानतळही दारात आला आहे. विमान नियम १९३७ मधला ९१ वा नियम विमानतळाच्या परिसरात, १० किलोमीटरच्या आत, पक्ष्यांना बोलावणारा कचरा टाकायला मनाई करतो. घारी तुमचा फोटो पाहून थांबणार नाहीत.

हे इतरत्र जमले आहे. वेंगुर्ल्यासारख्या बारा हजारांच्या गावाने कचरा डेपोचे पर्यटनस्थळ करून दाखवले, ते रोज वर्गीकरण करणाऱ्या कामगारांच्या जोरावर. पैशाचीही वाट काढता येते: पुणे महापालिका गांडूळखत, सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक राबवणाऱ्या मिळकतीला करात ५ टक्के सूट देते, दोन किंवा अधिक राबवल्यास १० टक्के.

तेव्हा पुढचा निधी आणाल तर यंत्र आणू नका. आमच्या कुठल्याही सोसायटीत आवारात जिरलेल्या कचऱ्याचे दरमहा वजन करून, जो ट्रक त्यामुळे वाचला त्याचे पैसे खत करणाऱ्या माणसाच्या खात्यात जमा होतील, असा ठराव महासभेत आणा. आमचे घरटी ७५ रुपये आम्ही देतो. आणि यंत्रावरचा तो फोटो या आठवड्यात स्वतः येऊन काढून घ्या.

आपला,
खांदा कॉलनीतला एक करदाता