दिसत नाही तो हिरो

"काकू, काल दुपारी टीव्हीवर 'मिस्टर इंडिया' लागला होता, बघितलात?"

"अगं, १९८७ साली थेटरात बघितलाय मी तो. काल मटार सोलता सोलता परत अर्धामुर्धा बघितला. का गं?"

"आमचे चिरंजीव पहिल्यांदाच पूर्ण बघायला बसले. संपल्यावर म्हणतात कसे, आई, यात हिरो करतो काय? अदृश्य करणारं घड्याळ बापाने बनवलेलं, ते आयतं हातात आलं. बातमीसाठी धडपडते ती श्रीदेवी. त्या खलनायक मोगँबोच्या बेटावरसुद्धा हा आपल्या पायाने जात नाही, गुंडच उचलून नेतात पोराबाळांसकट. मला तर उत्तरच सुचेना."

"त्यात काय सुचायचंय? घरभर अनाथ पोरं, भाडं थकलेलं, दुकानदाराची उधारी, म्हणून वरची खोली पेइंग गेस्टला द्यायची. हे सगळं तो घड्याळ मिळायच्या आधीच करत होता ना? पण पोरांच्या पोटाला घालणं म्हणजे काहीच नाही करणं, असं या पुरुषांच्या जातीला वाटतंच."

"ते कबूल हो. पण अंगात शक्ती आल्यावर?"

"मग? त्या बॉब क्रिस्टोला हनुमानाच्या मूर्तीने कसला ठोकला! थेटरात शिट्ट्या पडल्या होत्या."

"ठोकला, पण आपल्याला दिसली ती मूर्ती आणि मार खाणारा तो गोरा. हिरो, म्हणजे अनिल कपूर, कुठे होता?"

"तेच तर दुखणं आहे त्या सिनेमाचं. न दिसणाऱ्या माणसाची मर्दुमकी दाखवायची तर अ‍ॅक्टिंग समोरच्यानेच करायची. म्हणून तर मोगँबो झालेला अमरीश पुरी नि श्रीदेवी सगळा भाव खाऊन गेले. जुगाराच्या अड्ड्यात चॅप्लिन होऊन शिरली ती बाई! आणि ते पावसातलं निळ्या साडीतलं गाणं, बराच वेळ समोर माणूसच नाही. दुसरी कोणी असती तर हसू झालं असतं."

"लेखक सलीम-जावेदच्या मनात आधी अमिताभ होता म्हणे."

"असेलच. तो नाही दिसला तरी नुसत्या आवाजावर पडदा भरून टाकेल. अनिल कपूरचं काय, त्याची सगळी मजा चेहऱ्यात आणि मिशीत. तोच झाकून ठेवला."

"म्हणजे आमचा लेक बरोबर बोलला तर!"

"अर्धंच बरोबर. शेवट आठव की. घड्याळ हरवलेलं. पोरांचा जीव जाईल म्हणून हा कबूल करतो, मीच तो मिस्टर इंडिया. आणि अदृश्य होऊन दाखवता येत नाही म्हणून मोगँबो विश्वासच ठेवत नाही! मग कोठडीतून सुटायचं आणि नुसत्या हातांनी त्या धिप्पाड माणसाला भिडायचं. तिथे घड्याळ नाही, बापाची पुण्याई नाही. हिरो झाला तो तिथे. तो अनिल कपूर मला आवडला."

"पण त्याला फार उशीर झाला हो. त्या अनाथ पोरांतली छोटी टीना बॉम्बस्फोटात गेल्यावर कुठे जागा झाला."

"हां, त्याचा राग माझ्याही मनात आहे. त्याआधी नुसती छोट्या गुंडांची खोड मोडत फिरत होता. मोगँबोचा ठावठिकाणा शोधू, असं मनात आलं का एकदा तरी? शेवटी त्याला पेटवायला लेखकांनी त्या एवढ्याशा पोरीचा जीव घेतला. हिरोने स्वतःहून उठायला हवं होतं."

"मी तर तेव्हा डोळेच मिटून घेतले."

"तुम्ही टीव्हीवर बघता गं. आम्ही बघितला तेव्हा दिल्लीतले ट्रान्झिस्टर बॉम्ब ताजे होते, १९८५ सालचे. बेवारशी वस्तूला हात लावू नका म्हणून पोरांना रोज बजावायचो. टीनाने ते बॉम्ब लपवलेलं खेळणं उचललं आणि अख्खं थेटर चिडीचूप. शेजारच्या बाईंनी आपल्या पोरीचा हात असा घट्ट धरला होता की ती रडायलाच लागली."

"काकू, हे सगळं तुम्हीच सांगा त्याला. माझं ऐकत नाही तो."

"सांगते की. बोलाव, आहे कुठे?"

"कुणास ठाऊक! दळण घेऊन ये म्हटलं, तेव्हापासून दिसलेला नाही."