शोध लागला, दुकानात कोण नेणार?

वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्यात किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी काळ्या-पांढऱ्या चौकटींची पाटी उभी असते. फोन रोखायचा, आकडा टाकायचा, पैसे गेले. ही पाटी अगदी नवी, असं आपण धरून चालतो. ती नवी नाही. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा या अभियंत्याने १९९४ साली क्यूआर कोड तयार केला, तोही मोटारींचे सुटे भाग पटकन ओळखता यावेत म्हणून. कंपनीने पेटंट घेतलं आणि वापरणाऱ्यांकडून पैसे मागायचे नाहीत असं ठरवलं. शोध लागलेला होता आणि फुकट होता. तरी आपल्या गल्ल्यापर्यंत पोचायला त्याला वीसेक वर्षं लागली.

अडलं कुठे होतं? कार्ड घासायचं यंत्र बँकेकडून घ्यायचं, त्याचं भाडं भरायचं, वर प्रत्येक व्यवहारामागे कापून द्यायचं; दहा रुपयांचं जिरं विकणाऱ्याला हे परवडणारच नव्हतं. ११ एप्रिल २०१६ रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय आणलं. कोणत्याही बँकेतून कोणत्याही बँकेत, त्याच क्षणी. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि लोकांना ते शिकावंच लागलं. महागडं यंत्र दुकानदाराच्या गल्ल्यावरून गिऱ्हाइकाच्या खिशात गेलं आणि दुकानदाराकडे उरला एक छापील कागद. १ जानेवारी २०२० पासून व्यवहारावरचं शुल्कही शून्य झालं. या सगळ्यात नवा शोध एकही नाही. कुणी कशाचा खर्च सोसायचा, याची मांडणी तेवढी बदलली, आणि ती बदलल्यावर पानटपरीपासून कृषी केंद्रापर्यंत सगळीकडे पाटी लागली.

मग दुसरी अडचण आली. दुकानदाराचे हात तराजूवर, गिऱ्हाईक फोन दाखवून म्हणतं 'पाठवले', आणि संध्याकाळी खात्यात पैसे नाहीत. खोटे स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे सगळ्याच गावांत निघाले. त्यावर आला बोलका डबा. सिमकार्ड, बॅटरी, स्पीकर. मराठीतून मोठ्याने सांगतो, इतके रुपये मिळाले. त्यातला प्रत्येक भाग जुना आहे, तरी गेल्या दहा वर्षांत छोट्या दुकानदाराच्या हाती आलेली सगळ्यात उपयोगी वस्तू हीच, असं माझं मत आहे. ज्याला नीट वाचता येत नाही, ज्याचे डोळे अधू झालेत, ज्याच्या हाताला पीठ लागलंय, त्या प्रत्येकाला ती चालते. मात्र या डब्याचं महिन्याचं भाडं बहुतेक ठिकाणी दुकानदारच भरतो. व्यवहार फुकट म्हणून टाळ्या वाजवताना हे भाडंही मोजलं पाहिजे.

शोध लावणं आणि तो व्यवहारात आणणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती करणारी माणसंही बहुधा वेगळी असतात. जोसेफ शुंपीटर या अर्थशास्त्रज्ञाने १९११ च्या आपल्या ग्रंथात हे ठणकावून सांगितलं. नवी वस्तू, नवी उत्पादनपद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचं नवं ठिकाण, धंद्याची नवी रचना: यांतलं काहीही घडवून आणणारा तो उद्योजक, मग शोध त्याचा असो वा नसो. शंभर वर्षं उलटून गेली, तरी आपल्याकडे यंत्र विकत आणलं की नवं काही केलं, असंच समजतात.

बारकोडचंच घ्या. नॉर्मन वुडलँड याने मायामीच्या समुद्रकाठी वाळूत बोटांनी रेघा ओढल्या आणि त्यातून त्याला कल्पना सुचली. बर्नार्ड सिल्व्हरसोबत त्याला ऑक्टोबर १९५२ मध्ये पेटंट मिळालं. पहिली वस्तू दुकानात स्कॅन झाली २६ जून १९७४ रोजी, ओहायोतल्या ट्रॉय गावी. च्युइंगगमचं पाकीट होतं ते. मधल्या काळात लेझर आला, संगणक स्वस्त झाले, हे खरं. पण सगळ्यात अवघड काम निराळंच होतं. एकमेकांचे गळे धरणारे किराणावाले आणि कारखानदार यांनी एकत्र बसून सगळ्या मालाला एकच क्रमांकपद्धत लावायला कबूल व्हायचं. ते १९७३ साली झालं. तोवर पेटंटची मुदतही संपून गेली होती. वुडलँडच्या रेघांवर पैसा केला तो दुसऱ्यांनीच.

क्लॅरेन्स सॉन्डर्स या अमेरिकी दुकानदाराने तर कुठलं यंत्रही शोधलं नाही. १९१६ साली मेम्फिस शहरात त्याने दुकानातला काउंटर काढून टाकला. माल फळ्यांवर मांडला, प्रत्येक वस्तूवर किंमत लावली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, तूच उचल. नोकराचं काम गिऱ्हाइकावर टाकलं, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबरही आहे. पण मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. आपल्या गावांतल्या काउंटरवर कुणाची यादी आधी काढायची हे न बोलता ठरलेलं असतं. मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा मागून येतो आणि पिशवी भरून जातो. तांड्यावरची बाई पैसे मुठीत धरून उभी राहते. भाव विचारायचा तर चारचौघांत विचारायचा, आणि महाग वाटलं तर चारचौघांत नको म्हणायचं. फळीवरच्या मालाला हात लावून, किंमत वाचून, गुपचूप परत ठेवता येणं ही लहान सोय नाही. छोट्या किराणा दुकानाची बाजू घेणाऱ्या आपण सगळ्यांनी हे आधी कबूल करावं. गावची माणसं तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या मॉलकडे का वळतात, त्याचं एक कारण इथे आहे आणि ते स्वस्ताईत मोजता येत नाही. काउंटरच्या अलीकडे दोन फळ्या मांडायला आणि वस्तूंवर भाव चिकटवायला भांडवलही फारसं लागत नाही.

पण मेम्फिसपर्यंत जायचं कशाला? पोहरादेवी मानोरा तालुक्यातच आहे. बंजारा समाजाची काशी. ज्यांनी रेल्वेच्या आधी या देशाचा धान्य आणि मिठाचा व्यापार पाठीवर वाहिला, त्यांचं हे ठिकाण. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए लिहून गेला की एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत. कुणी धान्य नेई, कुणी तांदूळ, कुणी डाळ, कुणी मीठ. या धंद्यात बैल नवा नव्हता, गोण नवी नव्हती, दोरखंड नवा नव्हता. नवी होती ती व्यवस्था. बैल चालता चालता वाटेवरच चरत, त्यामुळे चाऱ्याचा खर्च जवळजवळ नाही. जाताना धान्य, परतताना मीठ, म्हणजे रिकामी खेप नाही. कुटुंब सोबत, त्यामुळे मागे घर चालवायचा वेगळा खर्च नाही. वर तांड्याचा प्रमुख असलेल्या नाईकाचा शब्द, आणि त्या शब्दावर हजारो गोणी माल उधार मिळत असे. मुघलांच्या फौजा त्यांच्यावर जगल्या, मराठ्यांच्याही. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगडापर्यंत आलेल्या इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची सेना तांड्यांच्या धान्यावर विसंबून होती, आणि तो स्वतः आपल्या पत्रांतून त्यांच्या बैलांचा हिशेब करत बसे.

आज शहरात दहा मिनिटांत दूध पोचवणाऱ्या कंपन्या ज्या गोष्टीसाठी डोकं फोडून घेतात, परतीची खेप रिकामी जाऊ नये, माल कुठे साठवावा, वाटेत खर्च कसा वाचवावा, ती सगळी गणितं इथल्या माणसांनी कागदावर एक ओळ न लिहिता सोडवली होती.

१८६७ साली रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. मीठ डब्यांतून जाऊ लागलं आणि बैलांची गरज सरली. मोठा शोध आला आणि त्याने एक पूर्ण व्यवस्था मोडून टाकली. मोडलेल्या माणसांना नव्या व्यवस्थेत जागा द्यायची जबाबदारी मात्र कुणी घेतली नाही. मानोऱ्याला आजही रेल्वे नाही. ज्यांच्या पणजोबांनी देशभर माल पोचवला, ते दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. याची मला चीड येते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. तिथे पोशाख, दागिने आणि संस्कृती पाहायला जरूर जावं. माझी मागणी एवढीच की वाणिज्य शाखेच्या मुलांना तिथे न्यावं आणि तांड्याचा हिशेब सोडवायला लावावा.

शब्दावरची उधारी आजही चालते ती दुकानदाराच्या वहीत; तिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही, म्हणून इथे बोलतो. या भागात पैसा वर्षातून दोनदा हातात येतो, दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तुरीचा. मधले महिने घर चालतं ते किराणा दुकानातल्या उधारीवर. ना तारण, ना फॉर्म, ना अंगठा. माणूस ओळखीचा आणि शेत माहितीचं, एवढ्यावर वही लिहिली जाते. पिकाच्या तारखेला जुळवलेलं हे कर्ज कुठल्याही मोठ्या साखळी दुकानाला देता आलेलं नाही. त्यात दुकानदार भाव चढवून लावतो तेव्हा तो चुकतो, आणि ते बोललंच पाहिजे. पण पीक बुडालं किंवा भाव पडला की त्याचीही वही अडकते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात त्याखाली विक्री होत होती. तो तोटा शेतकऱ्याच्या घरी जातो, तिथून किराण्याच्या वहीत येतो, आणि वहीतून वरच्या ठोक व्यापाऱ्याकडे. या साखळीत सगळ्यात कमी भांडवलाचा माणूस मधला, आणि जोखीम त्याच्याच डोक्यावर.

आता यंत्र असून रीत नसली की काय होतं, ते रेशन दुकानात पाहा. अंगठ्याचं यंत्र आलं, चोरी कमी व्हावी हा हेतू चांगला. पण आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ओळखत नाही, रेंज नसते, 'उद्या या' ऐकून ती परत जाते आणि उद्याची मजुरी बुडवून पुन्हा येते. तिच्यासाठी दुसरी सोय नियमात असली तरी ती विचारायची कुणाला, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. यंत्राच्या खरेदीला पैसे मिळाले. तिची खेप वाचवायचं काम कुणाच्याच टेबलावर नाही.

आणि आता तूर. मानोऱ्याची तूर पोत्यात भरून अकोल्याकडच्या दालमिलला जाते आणि चकचकीत पाकिटातली डाळ होऊन मानोऱ्याच्याच फळीवर परत येते, जाता-येता भाड्यासकट. यावरचा शोध आपल्या घरचा आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने छोटी दालमिल बनवली. गावात, विजेच्या मोटरवर, बचत गटालाही चालवता येईल अशी. विद्यापीठाने आपलं काम चोख केलं.

पुढचं काम विद्यापीठाचं नाही. दाणा एकसारखा निघेल याची हमी कोण देणार? अर्धा किलोचं पाकीट, त्यावर वजन, तारीख, किंमत आणि परवाना क्रमांक कोण छापणार? दर आठवड्याला ठरल्या दिवशी दुकानात माल कोण टाकणार, कीड लागलेलं पाकीट तोंड वाकडं न करता परत कोण घेणार, आणि दुकानदार उधारीवर विकतो तर त्याच्यासाठी दोन-तीन आठवडे कोण थांबणार? मोठ्या कंपनीचा माणूस यातलं बरंच करतो, म्हणून फळीवर तिची डाळ आहे. गटाच्या बायका डाळ चांगली करतात, पण फेरी मारायला आणि थांबायला त्यांच्याकडे गाडी नसते आणि पैसा नसतो. मिलसाठी अनुदान मागायला सगळे पुढे येतात; या दोन-तीन आठवड्यांच्या थांबण्यासाठी खेळतं भांडवल मागा, मग कळेल किती जण ऐकून घेतात.

तालुक्यातल्या गटांनी, व्यापारी मंडळींनी आणि बँकेच्या शाखेने एवढं एकच काम हाती घ्यावं. पाच-सात मिलांची डाळ एका नावाखाली, एका प्रतीची, आणि एक गाडी आठवड्याला ठरल्या वारी. गाडी परतताना दुकानांची रिकामी पोती आणि पुढची मागणी घेऊन येईल. सुरुवातीचं गिऱ्हाईक शोधायला लांब जायला नको. रामनवमीला पोहरादेवीत लाखो भाविक येतात, राज्याबाहेरूनही येतात. तुरीचा हंगाम नुकताच सरलेला असतो, डाळ ताजी असते. अर्ध्या किलोच्या पाकिटावर मानोऱ्याचं नाव छापा, शेजारी क्यूआरची पाटी ठेवा, आणि या रामनवमीला दुकान मांडा.