हरणी मुख्यालयास बर्लिन शाखेचं पत्र

बर्लिन, नोव्हेंबर

ती. आई-बाबांस, हरणी, वडोदरा.

मुख्यालयाकडून व्हिडिओ कॉलवर रोज तीनच प्रश्न येतात: जेवतो का, रडतो का आणि शू सांगतो का. उत्तरं लेखी हवीत असा आजोबांचा आदेश आल्यामुळे शाखेने हे पत्र लिहायला घेतलं आहे. दोन वर्षांचे बाळराजे इथल्या बालघरात, म्हणजे ‘कीटा’मध्ये, रुळले आहेत. त्यांचे वडील अजून रुळायचे आहेत.

हरणीत असते तर पोर बाईंच्या कडेवर देऊन वडिलांनी मागे न बघता स्कूटर सुरू केली असती. इथे मुलाला रुळवायची रीतसर पद्धत आहे. ‘बर्लिन मॉडेल’ नावाची ही पद्धत 1980च्या दशकात इथल्याच ‘इन्फान्स’ संस्थेने बसवली. पहिले तीन दिवस आई किंवा बाबांनी मुलासोबत यायचं आणि तास-दीड तास खोलीत नुसतं बसायचं. ‘जा ना, खेळ ना’ म्हणून मागे लागायचं नाही. चौथ्या दिवशी मुलाला सांगून बाहेर जायचं, फार तर अर्धा तास. कीटातल्या ताईंनी घेतल्यावर मूल शांत झालं तर ठीक, नाहीतर दोन-तीन मिनिटांत पालक परत आत. गुपचूप सटकायला सक्त मनाई. शिवाय चौथा दिवस सोमवार असेल तर हा प्रयोग मंगळवारी करायचा, कारण शनिवार-रविवारच्या सुट्टीनंतर मुलाला सगळं पुन्हा नवं वाटतं. आजी वार पाळते म्हणून हसणाऱ्या तुमच्या चिरंजीवांनी हे निमूटपणे वहीत उतरवून घेतलं.

बाळराजे थोडं रडले आणि गाड्यांकडे वळले. बाहेरच्या बाकावर मात्र एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला सूनबाईंनी रुमाल दिला.

ताईंनी मराठी शब्दांची चिठ्ठी मागून घेतली: पाणी, शू, बास, दुखतंय, आजी. ती आता कपाटाच्या दारावर चिकटवलेली आहे आणि ‘बास’चा उच्चार ताई सूनबाईंपेक्षा जरबेने करतात. घरी बाळराजे ‘नाइन (म्हणजे नाही), भात नाइन’ म्हणतात. साधारण दोन वर्षांचं मूल दोन-दोन शब्द जोडायला लागतं. दोन भाषा कानावर पडत असतील तर दोन्हींतले शब्द एकत्र मोजायचे असतात. तेव्हा आजीने ‘बोलायला उशीर झालाय’ ही चिंता तूर्त गुंडाळून ठेवावी.

आता खरी पाहण्यासारखी गोष्ट. बागेत जायची वेळ झाली की हे सगळे दीड वीत लोक आपापलं जाकीट जमिनीवर पसरतात, टोपीची बाजू स्वतःच्या पायांकडे. मग खाली वाकून दोन्ही हात बाह्यांत घालतात आणि जाकीट डोक्यावरून मागे उलटवतात. झालं! एखाद्याचा हात अडकला तरी ताई लगेच धावत नाहीत. शेजारी उकिडव्या बसून वाट बघतात. जेवताना पाणीही लहानशा जगमधून आपलं आपण ओतायचं. सांडलं तर फडकं मुलाच्या हातात. हे बघून सूनबाईंचा हात सवयीने पुढे जायचा. त्यांना स्वतःच्या हातांवर बसायला शिकावं लागलं.

यात जर्मन लोकांची विशेष कमाल आहे असं मात्र शाखेला वाटत नाही. गिजुभाई बधेकांनी भावनगरला 1920 साली बालमंदिर काढलं. तिथे त्यांच्यासोबत काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडकांनी 1945मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि अनुताई वाघांच्या साथीने ती पाड्यांवरच्या अंगणांपर्यंत नेली. मुलाचं काम मुलाला करू द्या, हाच त्यांचाही धोशा होता. आपल्या एम. एस. विद्यापीठातली चेतन बालवाडी तर आईला ठाऊकच आहे. आपण हे सगळं उत्तम जाणतो आणि तरी पाच वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन भरवतो.

शूबद्दल. इथे कुणालाही घाई नाही. मूल स्वतः खूण करेपर्यंत लंगोट चालतो. ‘आमची सगळी दीड वर्षाच्या आत सांगायला लागली होती’ हे आजीचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे.

दुपारी वरण-भात नसतो. बटाटे, गाजर, मसूर असतं आणि बाळराजे दोनदा मागून घेतात. घरी तेच गाजर थुंकतात. 2018पासून बर्लिनमध्ये सगळ्याच मुलांना कीटाची फी माफ आहे, जेवणाचे पैसे तेवढे द्यायचे. हे ऐकून आजोबांनी ‘मग एवढ्या लांब जायला हरकत नव्हती’ असं प्रथमच म्हटलं होतं, तेही इतिवृत्तात घेतलं आहे.

मे महिन्यात आपण दोघं येणार आहात, म्हणून एक सूचना. मुलाला आणायला कोण येणार त्यांची नावं आधी लेखी द्यावी लागतात. आजोबांचं दिलं आहे. पहिल्या दिवशी पासपोर्ट खिशात असू द्या. नातू लांबून ‘आबाऽऽ’ म्हणून हाक मारेल, पण ताई तेवढ्यावर त्याला सोडणार नाहीत. मेतकूट जरा जास्तच आणा, आणि गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट आणू नका. आजोबांच्या मापाचे इथे घेऊन ठेवले आहेत.

आपली,
बर्लिन शाखा