घरी गेल्यावर बघते

डेस्कटॉप चालू आहे, हीच खरी अडचण आहे. तो बंद पडला असता तर प्रश्न परस्पर मिटला असता. आमच्यासारख्या घरात चालू वस्तू असताना दुसरी आणणं हा माज समजला जातो. जुनी 'गेली' की मात्र नवी आणायला कुणाची ना नसते. टीव्ही, मिक्सर, फ्रिज सगळे याच वाटेने बदलले. आमचा डेस्कटॉप काही जायला तयार नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यापासून तर तो तरुणपणी नव्हता इतका चपळ झालाय. तेव्हा लॅपटॉप घ्यायचा तर हा असताना घ्यायचा, आणि त्याला कारण लागतं.

कारणं पुरवणाऱ्यांना तोटा नाही. बंगळुरूची लेक फोनवर म्हणते, "आई, डेस्कटॉप आता कुणाकडेच नसतो गं." कुणाकडेच म्हणजे तिच्या फ्लॅटमधल्या तिघींकडे. नवऱ्याचं म्हणणं वेगळं: "लाईट गेली तर?" त्याचं हे भय साधारण २००५-०६ सालातलं आहे. तेव्हा महाराष्ट्रात भारनियमनाची वेळापत्रकं पेपरात छापून यायची आणि लोक ती कापून फ्रिजवर चिकटवायचे. आता आमच्या पुण्यात वीज जाते ती बहुतेक गुरुवारी, दुरुस्तीसाठी, रीतसर सांगून. एरवी गेलीच, तर टेबलाखालचा यूपीएस टीं टीं करत थोडी मिनिटं देतो. तेवढ्यात फाइल सेव्ह होते आणि आपण एखादं संस्थान वाचवल्याचा आनंद होतो, तो वेगळाच. लॅपटॉपवाल्यांना वीज गेल्याचं कळतसुद्धा नाही. त्यात कसली मजा?

शहाणा प्रश्न फक्त भाच्याने विचारला. "मावशी, तू हिंडतेस किती, त्यावर आहे सगळं."

मी अनुवाद करते, शिवाय लोकांची मुद्रितं तपासते. हिंडणं म्हणाल तर सांगलीला आईकडे, आणि क्वचित मुंबईला. भाचा म्हणाला, "मग प्रवासात काम होईल ना." सांगलीची माझी गाडी महालक्ष्मी. ती पुण्यात मध्यरात्रीच्या सुमाराला येते. रात्री अकरा ते पहाटे पाच डब्यातले चार्जिंगचे प्लग बंद ठेवायचे, असा रेल्वेचा नियम आहे. आगीच्या भीतीने केलेला आणि अगदी योग्य. म्हणजे माझा बहुतेक प्रवास बंद प्लगच्या सोबतीने व्हायचा. शिवाय त्या वेळी मधल्या बर्थवर मान वाकवून कोण कुणाची मुद्रितं तपासणार? माणसं झोपतात. रेल्वेचंही मत तेच दिसतं.

उरलं आईचं घर. तिथे लॅपटॉप उघडून बसलेली मी तिला दिसले तर ती काय म्हणेल, हे मला न उघडताच ऐकू येतं. "काम करायला आलीस की भेटायला?" आणि मग पुढचा अर्धा तास ती मुद्दाम हळू आवाजात, मला अजिबात त्रास होऊ नये अशा बेताने, स्वयंपाकघरातली भांडी लावत राहील.

पण खरं सांगायचं तर लॅपटॉपने माझं जे नेमकं जाणार आहे, ते वेळही नाही आणि पैसेही नाहीत. जाणार आहे एक वाक्य. "घरी गेल्यावर बघते." या वाक्यावर मी इतकी वर्षं संसार आणि व्यवसाय दोन्ही चालवले. भाजी घेताना प्रकाशकाचा फोन आला, 'घरी गेल्यावर बघते.' लग्नाच्या पंगतीत बसल्यावर दिवाळी अंकाच्या संपादकांनी विचारलं, 'घरी गेल्यावर बघते.' समोरच्याला राग येत नाही, कारण त्यात नकार नाही. नुसता पत्ता आहे. माझं काम कुठे राहतं ते सगळ्यांना माहीत आहे: हॉलच्या कोपऱ्यात, कीबोर्डचा कप्पा सरकवायच्या त्या लॅमिनेटच्या टेबलावर. मी तिथे गेले की ते भेटतं. मी उठले की ते तिथेच राहतं, माझ्या मागे दाराबाहेर येत नाही. लॅपटॉप घेतला की काम माझ्याबरोबर राहायला येणार. पिशवीतून, रिक्षातून, सांगलीला माजघरात. मग मी कुणाला कुठल्या तोंडाने सांगू की घरी गेल्यावर बघते? ते म्हणतील, "ताई, लॅपटॉप जवळ नाही का?" आणि तो जवळ असेल.

भाचा म्हणतो, फोन आहेच की जवळ. फोनवर फाइल दिसते, हे मी कबूल करते. पण दोनशे पानांचं मुद्रित फोनवर वाचा, असं म्हणण्याइतका निर्दय प्रकाशक अजून मला भेटलेला नाही.

आणखी एक गोष्ट मी बघून ठेवली आहे. डेस्कटॉप घराचा असतो आणि लॅपटॉप कुणाचा तरी असतो. आमच्या या कोपऱ्यात सोसायटीच्या नोटिसा टाइप झाल्या, शेजारच्या काकूंच्या भावाचा सातबारा निघाला, बारावीच्या निकालाच्या दिवशी चार घरांतली मुलं खुर्चीमागे उभी राहिली. संकेतस्थळ उघडत नव्हतं तेव्हा आम्ही सगळे मिळून रिफ्रेश करत होतो, म्हणजे एक जण करत होता आणि बाकीचे "आता कर, आता कर" म्हणत होते. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि प्रत्येकाला स्वतंत्र पडदा लागायला लागला. एकाच घरात तीन खोल्यांमध्ये तीन माणसं, तिघांच्या कानांत तीन वेगळ्या सभा. तेव्हापासून यंत्राला पासवर्ड आणि पासवर्डला मालक आला. आता कुणाच्या लॅपटॉपवर काकूंचा सातबारा काढायचा म्हटलं तर आधी विचारावं लागतं, मग तो माणूस आपल्या उघड्या खिडक्या भराभर बंद करतो, मग काकू संकोचतात. सातबारा निघतो, पण गर्दी जमत नाही.

हे सगळं मी एकदा भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मावशी, तू फार विचार करतेस." मग त्याने मला अ‍ॅडम ऑस्बोर्नची गोष्ट सांगितली. त्याला वाटलं मी प्रभावित होईन. झालेच, पण उलट दिशेने.

उचलून नेता येणारा संगणक पहिल्यांदा धडाक्याने खपवून दाखवला तो या ऑस्बोर्नने, १९८१ साली. 'ऑस्बोर्न वन' हे त्याचं नाव. वजन अकरा किलोच्या आसपास, पडदा पाच इंची, आणि झाकण लावलं की ध्यान शिलाई मशिनच्या पेटीसारखं. बॅटरी नव्हती. म्हणजे न्या कुठेही, फक्त पोचल्यावर भिंतीत प्लग शोधा. तरी लोकांनी हौसेने घेतला. यापुढचा भाग मला जास्त आवडला. हा ऑस्बोर्न वाढला तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैला. त्याचे वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे भक्त आणि चरित्रकार. रमण महर्षी १८९६ साली अरुणाचलाच्या पायथ्याशी आले ते १९५० साली देह ठेवेपर्यंत तिथून हलले नाहीत. लोक जगभरातून त्यांच्याकडे येत, ते कुणाकडे जात नसत. आणि त्यांच्या गावात वाढलेल्या पोराने माणसाला कुठेही काम करता येईल असं यंत्र विकायला काढलं! मोठ्या वृक्षाखाली वाढलेलं रोप हटकून दुसऱ्या दिशेला वाकतं ते असं. पुढे ऑस्बोर्नने अधिक चांगलं मॉडेल येतंय असं आधीच बोलून टाकलं, लोकांनी हातातलं घ्यायचं थांबवलं, आणि १९८३ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, असं सांगतात. जाणकारांच्या मते इतरही कारणं होती. पण पुढचं येऊ दे म्हणून हातातलं न घेणं हा रोग मी ओळखते, आमच्या घरात तो पिढीजात आहे. ऑस्बोर्न स्वतः अखेर दक्षिणेत परत आला आणि २००३ साली कोडाईकनालला वारला. सगळं उचलून नेता येतं म्हणणाराही शेवटी एका डोंगरावर येऊन बसला, हे भाच्याच्या लक्षात आलं नव्हतं. मी आणून दिलं.

तो जरा गप्प बसला. मग दुकानात चल म्हणाला. गेलो.

दुकानातल्या मुलाने हसून चार लॅपटॉप उघडून ठेवले. सुंदर होते, यात वाद नाही. पातळ, थंडगार, चंदेरी. मी टाइप करून बघितलं. मी इनस्क्रिप्टवाली, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, हा संसार बोटांत इतका मुरलाय की आमच्या कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेली तरी मला पत्ता नव्हता. या लॅपटॉपवर कळा इतक्या उथळ की अक्षर उमटलं की नाही ते पडद्यावर जाऊन विचारावं लागे. आणि पडदा कीबोर्डलाच जोडलेला. म्हणजे पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणावा तर हात छातीशी येतात, हात नीट ठेवावेत तर मान वाकते. या वयात मानेचं ऐकावं लागतं. मी तसं म्हटलं.

"त्याला सोल्यूशन आहे, मॅडम," मुलगा म्हणाला. "एक स्टँड घ्या. म्हणजे स्क्रीन वर येईल. मग एक वेगळा कीबोर्ड लावा. माउस लागेलच. आणि तुमचं काम बारीक अक्षरांचं आहे, तर एक मोठा मॉनिटर जोडून टाका."

"आणि हे सगळं ठेवायचं कुठे?"

"एक टेबल घेऊन टाका ना."

मी भाच्याकडे बघितलं. भाचा दुसरीकडे बघत होता.

तसंही माझ्या ओळखीचे बहुतेक लॅपटॉप टेबलावरच राहतात. चार्जर कायम लावलेला, माउस जोडलेला, झाकणावर धूळ. सतत शंभर टक्के भरून ठेवली की लिथियमची बॅटरी लवकर थकते. न हिंडणाऱ्याला हिंडायची सोय अशी शिक्षा करते. माझ्या एका मैत्रिणीच्या लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आला, तेव्हा तिला कळलं की यंत्राला बॅटरीही होती. पातळ लॅपटॉपमध्ये आता रॅमसुद्धा बोर्डावर झाळून टाकलेली असते, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. आमच्याकडे येणारा दुरुस्तीवाला सीपीयूचा पत्रा उघडतो, ब्लोअर मारतो, एखादं झुरळ बाहेर काढतो, रॅम उपसून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासतो आणि परत बसवतो. चालू! मग चहा घेतो. खोडरबराने बरं होणारं यंत्र टाकून द्यायला मन घट्ट लागतं.

खंडेनवमीचाही प्रश्न आहे. जुन्या काचेच्या मॉनिटरचं डोकं चांगलं ऐसपैस होतं, झेंडू बसायचा. सपाट मॉनिटर आला तेव्हा फूल टेबलावर उतरलं, हळदकुंकू सीपीयूच्या डब्यावर गेलं. लॅपटॉपला लावायचं कुठे? झाकणावर लावलं तर दुसऱ्या दिवशी पिशवीला लागणार. कीबोर्डवर लावलं तर दुरुस्तीवाला येणार, आणि इथे खोडरबर चालणार नाही.

इतकं असूनही मी घेणार नाही असं म्हणत नाही. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या खेपेला दोन दिवसांत परतावं लागलं ते कामापायीच, आणि निघताना तिने काही म्हटलं नाही, तेव्हा मला ते चंदेरी यंत्र आठवलं होतं. भांड्यांचा आवाज सहन करून आठवडाभर राहता आलं तर ती तक्रारही करेल आणि आठवडाभर करता आली म्हणून खूशही असेल. पन्नास-साठ हजार रुपये त्यासाठी जास्त नाहीत. ही बाजू मी अजून भाच्याला सांगितलेली नाही. सांगितली तर तो त्याच दिवशी दुकानात नेईल.

परवा संपादकांचा फोन आला. नवऱ्याने बागेत कुणाला तरी सांगितलं असणार.

"ताई, लॅपटॉप घेताय असं ऐकलं. फार उत्तम. म्हणजे यंदा दिवाळी अंकाचं काम तुम्ही सांगलीहूनसुद्धा..."

"अजून ठरलेलं नाही हो."

"कधी ठरतंय?"

"नवीन मॉडेल येतंय म्हणतात," मी म्हटलं. "ते येऊ दे."