एक्सपी महाशयांची सेवानिवृत्ती : एक खुले पत्र

प्रति,
मा. विंडोज एक्सपी महोदय,
टर्निंग सेंटरच्या डावीकडचे टेबल,
एका लघुउद्योगाची शेड, एमआयडीसी वाळूज,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : मुदत संपूनही कामावर हजर राहिल्याबद्दल.

संदर्भ : मायक्रोसॉफ्टने दि. 8 एप्रिल 2014 रोजी आपला आधार काढून घेतला ते.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपला जन्म 2001 चा. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्याला वाऱ्यावर सोडले. मागून आलेले विंडोज सेव्हन 2020 मध्ये गेले, आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज टेनचाही आधार संपला. पुतण्या-भाच्यांचे दिवस घालून झाले, तरी आपण पहिल्या शिफ्टला हजर! हे कोणत्याही सेवाशर्तीत बसत नाही. सबब आपली खातेनिहाय चौकशी करण्यात आली. तिचा अहवाल निम्नस्वाक्षरीकार येथे सादर करीत आहे.

आपल्याकडे काम एकच : सीएनसी मशीनला जॉबचा प्रोग्रॅम पाठवणे. त्यासाठी एक केबल आहे. आपल्या पाठीशी नऊ पिनांची, मशीनच्या अंगाला पंचवीस पिनांची. मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी आहे : ‘4800, सात बिट, इव्हन’. सेटर मशीनवर रीडचे बटण दाबतो, इकडून सेंड होते. आधी टक्क्याचे चिन्ह, मग जी आणि एम कोडच्या ओळी, शेवटी पुन्हा टक्क्याचे चिन्ह. प्रोग्रॅम पोचला. सगळा ऐवज दोन-चार किलोबाइटचा. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एका गुलाबाच्या फोटोत असे डझनावारी प्रोग्रॅम मावतील. वेग 9600 केला तर मधल्या ओळी गळतात. केबल लांब आहे आणि शेजारी वेल्डिंग चालते. यावर कोणी समिती नेमली नाही, चिठ्ठी तेवढी बदलली.

आता आपल्यावरील आरोप.

आरोप पहिला : आपण मागासलेले आहात. हा आरोप सिद्ध करायला निम्नस्वाक्षरीकार निघाला आणि साक्षीदारच फितूर झाले. जपानच्या सरकारी नियमांत फ्लॉपी डिस्कचा आग्रह इतका मुरलेला होता की डिजिटल मंत्री तारो कोनो यांना 2022 मध्ये तिच्याविरुद्ध युद्ध पुकारावे लागले. 1,034 नियम रद्द झाल्यावर, 2024 च्या जूनअखेर, ते जिंकले. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाने आठ इंची फ्लॉपी 2019 मध्ये बाजूला ठेवली. घरची गोष्ट सांगायची तर रेल्वेचे आरक्षण. ही यंत्रणा 2010 पासून आयटॅनियम सर्व्हर आणि ओपन व्हीएमएस यांवर चालते आणि ती बदलण्याचे काम सुरू आहे, असे रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी 2025 मध्ये संसदेला सांगितले. व्हीएमएसचा जन्म 1977 चा, आणि आयटॅनियम पाठवणे इंटेलने 2021 मध्येच थांबवले. हेच मंत्री इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान खातेही सांभाळतात. 10,372 कोटी रुपयांचे इंडिया एआय मिशन त्याच खात्याचे. तेव्हा साहेबांच्या टेबलावर आपले वडीलधारे बसलेले असताना शेडमधल्या आपल्याला एकट्याला नोटीस काढणे शोभणारे नाही.

आरोप दुसरा : आपल्याला इंटरनेट नाही. हा आरोप खरा. मात्र 27 जून 2017 ची नोंद पाहावी. त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ या संगणकविषाणूचा हल्ला झाला आणि मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीचे जगभरचे संगणक झोपले. न्हावाशेवा बंदरातले तिचे टर्मिनलही ठप्प झाले. वाळूजचा निर्यातीचा माल ज्या बंदरातून जायचा, तेच हे बंदर. पुढे मर्स्कला आपले जाळे पुन्हा उभे करता आले ते घानातल्या एका सर्व्हरमुळे. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती, म्हणून तो बचावला! मराठवाड्यातल्या वाचकाला यातले मर्म वेगळे सांगायला नको. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. आपल्याला त्या दिवशी काहीच कळले नाही. आपण फ्लँजचा प्रोग्रॅम पाठवत होता.

या मुद्द्याला 2025 च्या जुलैत राजकारणाची फोडणी मिळाली. युरोपीय संघाने निर्बंध घातले म्हणून मायक्रोसॉफ्टने गुजरातेत वाडीनारला रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, काही दिवसांत सेवा परतल्या. पण पैसे भरलेले असतानाही परदेशातून कळ फिरवता येते, हे तेव्हा दिल्लीला दिसले. सप्टेंबरात वैष्णव यांनी आपले काम झोहोवर हलवल्याचे जाहीर केले आणि ‘डिजिटल सार्वभौमत्व’ हा शब्द परिसंवादांतून फिरू लागला. महोदय, आपण त्या परिसंवादांना नव्हता. आपल्याला बंद करायला कोणाला तरी नगर रोडने येऊन प्लगच काढावा लागेल.

आरोप तिसरा : शहराचे नवे नाव जुन्या यंत्रणेत मावत नाही. 24 फेब्रुवारी 2023 रोजी केंद्राने नामांतराला मान्यता दिली. वाद व्हायचे ते झाले. पण इंग्रजीत औरंगाबाद दहा अक्षरांत बसते, छत्रपती संभाजीनगरला मधल्या जागेसह पंचवीस लागतात. जुन्या बिलाच्या नमुन्यात पत्त्याचा रकाना वीसचा असेल तर कागदावर ‘छत्रपती संभाजी’ एवढेच उमटते आणि नगर बाहेर राहते. रेल्वे स्थानकाचे नाव आणि संकेताक्षरे 2025 च्या ऑक्टोबरात बदलली. विमानतळाची आयएक्सयू ही खूण जुनीच. नाव बदलणाऱ्यांनी आणि त्याला विरोध करणाऱ्यांनी हजारो भाषणे दिली. रकाना वाढवायला बसला तो अकाउंट्सचा मुलगा, एकटा, रविवारी.

इथवर आपण सुटलात असे वाटेल. तसे नाही.

आपल्या शेजारच्या मशीनच्या कंट्रोलरमध्ये बॅटऱ्या आहेत. वीज नसताना पॅरामीटर आणि प्रोग्रॅम त्यांच्या जिवावर टिकतात. त्या मशीन चालू ठेवूनच बदलायच्या असतात; बंद करून काढल्या की सगळी स्मृती पुसली जाते. हे ज्याला ठाऊक आहे तो सेटर निवृत्तीला आला आहे. चिठ्ठीची दुसरी प्रत नाही. आपली हार्ड डिस्क बसली तर तिच्या जोडीचा सुटा भाग भंगारात शोधावा लागेल. आपल्या नेटविना सुरक्षिततेचे कौतुक मघाशी झाले खरे, पण कोणी तरी आणलेला पेन ड्राइव्ह आपल्या पोटात दिवसाकाठी जातोच, आणि त्यावर काय चढले आहे हे ओळखण्याची ताकद आपल्यात उरलेली नाही. हे सगळे दोष गंभीर आहेत आणि त्यांतला एकही आपला नाही.

मग बदलत का नाहीत? 1985 मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचे उद्घाटन झाले आणि त्याच्या मागेपुढे सुट्या भागांच्या शेडची वस्ती वाढली. या साखळीत खालच्या टोकाला बसलेल्याला भाव ठरवता येत नाही. मशीन बदलले की प्रक्रिया बदलली, प्रक्रिया बदलली की ग्राहकाकडून सुट्या भागाची मंजुरी, म्हणजे पीपीएपी, नव्याने : नमुने, मोजमापे, कागद. तोवर डिलिव्हरी थांबवायची कोणी, आणि खर्च कोणाच्या खात्यात? इंडस्ट्री 4.0 च्या सादरीकरणात या स्लाइडला जागा नसते. याच वसाहतीत काचेतून ऑप्टिकल फायबर ओढली जाते आणि जगभर जाते. शेडमधल्या केबलवर मात्र वेल्डिंगचा गोंगाट वाहतो. कृत्रिम बुद्धिमत्ता जुने कोड वाचून दाखवते म्हणतात. वाचावे जरूर. पण आधी ती चिठ्ठी कोणी तरी वहीत उतरवून घ्यायला हवी, आणि सेटरला दोन दिवस बसवून बोलते करायला हवे. त्याला जीपीयू लागत नाही. चहा लागतो.

सबब, आपली सेवानिवृत्ती पुढील आदेशापर्यंत तहकूब करण्यात येत आहे. दरम्यान आपण पेन ड्राइव्ह तोंडात घेऊ नये.

आपला विश्वासू,
निम्नस्वाक्षरीकार

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :

1) डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, डिस्पॅच. जीएसटीच्या नियम 48 प्रमाणे मालाचे बिल तीन प्रतींत लागते. कार्बनवर ते एका दमात काढणारे आपणच. निवृत्तीचा अर्ज नामंजूर.

2) फ्लॉप्यांचा डबा, लोखंडी कपाट. सोनीने 2011 मध्ये उत्पादन थांबवले आहे. जे आहे ते जपून.

3) मेंटेनन्स विभाग. बॅटऱ्या याच महिन्यात. मशीन चालू ठेवून.